बयाबाईचं गाणं भर समुद्रात

न्हावऱ्याच्या धनश्री वकीलबाईंकडं माणसं यायची ती बांधासाठी. कुणी शेजाऱ्याचा बांध कोरून दोन सऱ्या जास्तीच्या पाडल्या, कुणी वहिवाटीच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्या, कुणाच्या विहिरीचं पाणी कुणाच्या पाइपातनं भलतीकडंच गेलं. शिरूरच्या कोर्टात ती बापूसाहेबांच्या हाताखाली काम करायची, आणि संध्याकाळी घरी आली की नवऱ्याला, हनुमंतला, सांगायची, "माझी सगळी वकिली एका फुटाच्या पट्टीत मावते बघ."

हनुमंत गाईंना पेंड घालता घालता म्हणायचा, "मावती तवर बरी हाय. बाहेर सांडली तर मला निस्तरावं लागंल."

ती बाहेर सांडली एका रविवारी दिवस उगवता उगवता, आणि तीसुद्धा तिच्या सासूमुळं.

सासू, बयाबाई, कांद्याच्या चाळीपुढं बसून कांदा निवडत होती. तिचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलेलं. न्हावऱ्याला जमीन झाली, घर झालं, ऊस आला, गोठ्यात गाई आल्या, आणि कळप विकून कुटुंब एका जागी बसलं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सासरे भैरूआबा मात्र सवय सुटेना म्हणून थोडी मेंढरं बाळगून होते. बयाबाईचीही एक सवय सुटली नव्हती. हात कामात असले की ती गाणी जुळवायची. कांद्यावर, गाईवर, शेजारणीच्या नव्या स्कुटीवर. गावात कुणी विचारलं, हे कुठलं गाणं, तर सांगायची, "कुठलं म्हंजी? माझंच."

धाकटा दीर स्वराज परदेशी प्रवासी जहाजावर कामाला होता. पुण्यात हॉटेलचा कोर्स केलेला, आता जहाजावरच्या मोठ्या जेवणघरात टेबलं सांभाळायचा. त्या सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. चेहरा लाल, श्वास लागलेला.

"वयनी, आई कुठंय? पळत आलोय वर. फोन तिच्या कानाला लावा!"

"अरं काय झालं? बरा हाईस ना?" बयाबाईनं बसल्या जागेवरनं विचारलं.

"मी बरा हाय. तुम्ही ऐका तर!"

त्यानं फोन उंच धरला. आधी भांड्यांचा, काट्या-चमच्यांचा किणकिणाट ऐकू आला. मग गिटारीसारखं काहीतरी, मग एक संथ, जाड तंतुवाद्य. आणि त्यावर चक्क बयाबाईचा आवाज.

*निज रं निज माझ्या वाटसरा,*
*वाटबी निजली दमून जरा.*
*दौंडाचं इंजिन दम खातंय,*
*शिट्टी घालून तुला गातंय...*

"आगं बया!" बयाबाई स्वतःच म्हणाली. "ही तर मीच हाय!"

"आये, आम्ही अटलांटिक महासागरात हाय. चारी बाजूंनी नुसतं पाणी. आन् जेवणघरात तुझं गाणं लागलंय! हितं रातचं जेवण चाललंय, गोरी माणसं सूप पिताना मान डोलवायला लागल्यात!"

मग काय विचारता. हनुमंत गोठ्यातनं आला, आबा मेंढरांकडनं आले, शेजारपाजार गोळा झाला. स्वराजनं तेच गाणं मोबाइलवर काढून पाठवलं आणि दुपारपर्यंत ते न्हावऱ्याच्या निम्म्या फोनांवर वाजत होतं. चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना सांगत होते की आपल्या बयाबाईचं गाणं समुद्रात लागतंय. कुणीतरी पेढेही आणले.

बयाबाईनं मात्र गाणं तिसऱ्यांदा ऐकलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"शेवटचं कुठाय?"

"शेवटचं म्हंजी?" धनश्रीनं विचारलं.

"शेवटची ओळ. माझ्या नावाची. ती कापली का काय मेल्यांनी?"

धनश्रीनं पुन्हा ऐकलं. खरंच, ओळ नव्हती. गाणं जिथं संपायला हवं होतं, तिथं त्या जाड तंतुवाद्याचा सूर लांबत जाऊन विरला होता. बयाबाईच्या प्रत्येक गाण्याच्या शेवटी तिचं नाव यायचं, जुन्या अभंग-ओव्यांच्या रीतीप्रमाणं. या गाण्याचा शेवट असा होता:

*बया म्हणं, बाळ पाठीवर,*
*तेच माझं गाव, तेच माझं घर.*

"आन् ह्या पाटीवर काय लिवलंय?" बयाबाईनं फोनवर बोट ठेवलं. स्वराजनं जेवणघरातल्या पडद्याचाही फोटो पाठवला होता.

धनश्रीनं इंग्रजी वाचलं आणि मराठीत सांगताना जरा अडखळली. "धनगरी अंगाई. पारंपरिक. रचनाकार अज्ञात."

"अज्ञात म्हंजी?"

"म्हंजी... कुणी रचलं ते कुणाला ठाऊक न्हाई."

बयाबाईनं कांद्याची पाटी बाजूला सारली. "ठाऊक न्हाई? मी हितं बसलीय की जित्तीजागती! इचारायचं हुतं!"

तिला राग आला होता, पण तो पैशाचा नव्हता, हे धनश्रीला लगेच कळलं. हे गाणं स्वराजचं होतं. त्याच्या जन्माच्या आठवड्यात दौंडाजवळच्या तळावर तिनं ते रचलं होतं. आणि ज्या ओळीत ती आणि तिचं तान्हं दोघं होती, नेमकी तीच कुणीतरी कात्रीनं उडवली होती.

"धने," बयाबाई म्हणाली, "तू बांध कोरणाऱ्यांना कोर्टात उभं करतीस ना? मग ह्यांनी माझं गाणं कोरलंय."

गाणं जहाजावर गेलं कसं, ते शोधायला वेळ लागला नाही. काही वर्षांपूर्वी मोनिका नावाची पुण्याची एक मुलगी बायकांची गाणी गोळा करायला आली होती. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात तिची नि बयाबाईची गाठ पडली, मग ती घरीच येऊन राहिली. तिनं गाणं नावानिशी, शेवटच्या ओळीसकट इंटरनेटवर ठेवलं होतं. धनश्रीनं फोन केला तेव्हा ती हादरलीच. "मला कुणी विचारलंच नाही हो! तिथनं उचललेलं दिसतंय." युरोपातली कुठलीशी कंपनी हॉटेलांना, जहाजांना आणि विमानांना मंद संगीत पुरवायची. तिनं ते गाणं घेऊन, वर वाद्यं चढवून, स्वराजच्या जहाज कंपनीला दिलं होतं.

धनश्रीनं दोन्ही कंपन्यांना ईमेल लिहिलं. पुरवठादारानं उत्तरच दिलं नाही. जहाज कंपनीच्या वकिलाचं उत्तर मात्र आलं, गोड भाषेत. एक, हे पारंपरिक लोकगीत आहे, याला कुणी एक कर्ता असणं शक्य दिसत नाही. दोन, तुम्ही म्हणता त्या शेवटच्या ओळीत 'बया' येत असलं तरी तो आईसाठीचा सर्वसाधारण शब्द आहे असं आम्हाला कळतं. आणि तीन, गाणं वाजलं तेव्हा आमचं जहाज खुल्या समुद्रात होतं, तिथं भारताचा कॉपीराइट कायदा लागू होत नाही. कळावे.

सोमवारी ते पत्र तिनं बापूसाहेबांपुढं ठेवलं. बापूसाहेबांनी शिरूरच्या कोर्टात केस पांढरे केले होते. त्यांनी चष्मा पुसून पत्र वाचलं आणि खुर्चीत मागं टेकून मनसोक्त हसले.

"धनश्री, समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?"

"कुणाच्याच नाही, सर."

"झालं मग. माणूस चलाख आहे. कुणाचीच जमीन नाही म्हणजे कुणाचाच कायदा नाही, असं तुला वाटावं म्हणून लिहिलंय त्यानं."

"पण सर, समुद्राच्या मधोमध खून झाला तर तो खून नसतो का?"

बापूसाहेबांचं हसू थांबलं. त्यांनी तिच्याकडं नीट पाहिलं. "असतो. आणि खटला कुठं चालतो?"

"जहाज ज्या देशाचं, त्या देशात चालवता येतो."

"मग तिथनं सुरुवात कर. बांध मोजायच्या आधी आपण काय करतो? मालक कोण ते बघतो. जहाजाचा मालक नाही, त्याचा झेंडा बघ."

पुढचे काही दिवस धनश्री कोर्टातून सुटली की बापूसाहेबांच्या ऑफिसात बसून वाचत राहिली. आपला कॉपीराइटचा कायदा संपूर्ण भारताला लागू, एवढंच म्हणत होता. जहाज-विमानाचं वेगळं कलम तिला तरी त्यात सापडेना. इंग्लंडच्या कायद्यात मात्र ते होतं: तिथं नोंदलेल्या जहाजावर किंवा विमानात केलेली गोष्ट तिथल्याच भूमीवर केल्यासारखी धरायची. कित्येक देशांचे कायदे याबाबत गप्प होते, आणि विद्वानांची आपसात भांडणं होती. पण खुल्या समुद्रात जहाजावर त्याच्या झेंड्याच्या देशाचा अधिकार चालतो, यावर मात्र सगळ्यांचं एकमत होतं.

तिनं स्वराजला विचारलं, "भावजी, तुमच्या जहाजाच्या मागं झेंडा कुठला असतो?"

"झेंडा? कंपनी अमेरिकेची, कॅप्टन इटलीचा, स्वैपाकी फिलिपिन्सचे..."

"झेंडा विचारते मी."

तो मागच्या डेकवर जाऊन फोटो काढून आला. लाल, त्यावर पांढरा क्रॉस, आणि कोपऱ्यात छोटासा निळा-पिवळा-काळा झेंडा. बहामा. नकाशात बोटाखाली झाकून जाईल एवढा बेटांचा देश.

धनश्रीनं बहामाचा शोध घेतला आणि टेबलावर मूठ आपटली. साहित्य-संगीताच्या हक्कांचा एक जुना आंतरराष्ट्रीय करार आहे, बर्नचा. भारत त्यात आहे. बहामाही आहे. आणि त्या करारात साफ लिहिलंय, की एका सदस्य देशातल्या कर्त्याला दुसऱ्या सदस्य देशात तिथल्या माणसाइतकेच हक्क मिळायचे. कर्त्याला आपलं नाव सांगायचा आणि रचनेची मोडतोड रोखायचा हक्कही त्यातच. म्हणजे बयाबाईला भारताचा कायदा पाठीवर घेऊन समुद्रात उडी मारायची गरजच नव्हती. त्या जहाजावर बहामाचा कायदा, आणि त्या कायद्यापुढं न्हावऱ्याची बयाबाई बहामाच्या बाईइतकीच मोठी.

घरी हे समजावून सांगायची वेळ आली तेव्हा मात्र ती अडकली. जेवणं झाली होती, ओसरीवर सगळे बसले होते.

"म्हंजी आपला स्वराज दुसऱ्याच देशात हाय का?" हनुमंतनं विचारलं. "समुद्रात न्हाई?"

"समुद्रातच हाय. पण जहाजावरचा कायदा..." धनश्री थांबली. मग तिनं सासऱ्यांकडं पाहिलं. "आबा, आपली मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसली, तर ती त्या रानवाल्याची होतात का?"

"आरं वा! अशी कशी व्हतील? पाठीवर गेरूचा पट्टा हाय आपला."

"आन् माळावर, जिथं कुणाचंच रान न्हाई तिथं?"

"तिथंबी आपलीच. पट्टा पुसतोय व्हय?"

"जहाजाचा झेंडा म्हंजी तुमचा गेरूचा पट्टा. विमानाच्या शेपटीजवळ अक्षरं लिहिलेली असत्यात, तोबी पट्टाच. जाईल तिथं त्या देशाचा कायदा बरोबर जातो."

बयाबाई इतका वेळ सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला. "हे समजलं. पर त्यो बहामावाला मला कशाला वळखंल? त्यो तर म्हणतूया, गाणं कुणाचंच न्हाई. बया म्हंजी कुणाचीबी आई."

तिनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. मोनिकाच्या ध्वनिमुद्रणावर बयाबाईचं नाव होतं, पण त्यानं तिनं ते गायलं एवढंच ठरत होतं. रचलं तिनंच, हे कसं दाखवायचं? आबांची साक्ष चालली असती, पण नवऱ्याची साक्ष म्हटल्यावर समोरचा वकील नाक मुरडणारच.

"आत्या, गाणं रचलं तवा तिथं घरचं सोडून कोण हुतं?" तिनं सासूला विचारलं.

बयाबाईनं डोळे मिटले. "त्या साली आम्ही भीमंच्या कडंनं दौंडाकडं गेलो हुतो. रेल्वेच्या क्वार्टरांमागं रान हुतं, तिथं वाघर लावली." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "मला दिस भरल्यालं. मागच्या दारानं एक बाई आली, गोकुळ पॉइंट्समनची, रूळ बदलणाऱ्याची बायकू. सिंधूबाई. तिनंच पाणी तापवलं, तिनंच नाळ कापली. आठवडाभर भाकरी दिली. पोरगं रातभर रडायचं, आन् यार्डात इंजिन शिट्टी घालायचं. तवा जुळवलं मी ते. ती दारात बसून ऐकायची."

"मग तिला कधी भेटलात न्हाई नंतर?"

"मेंढरं घिऊन फुडं गेलो, पोरी. तिचा पत्ता कुठं इचारत बसू? क्वार्टर हाच पत्ता."

दुसऱ्या रविवारी सासू-सुना स्कूटरवरून निघाल्या. पारगावच्या पुलावर बयाबाईनं गाडी थांबवायला लावली आणि नदीला हात जोडले. मग केडगाव, चौफुला, आणि दुपारच्या आत दौंड. क्वार्टरांत आता नवी माणसं होती. पण रेल्वेच्या गावात जुना माणूस शोधायला फार हिंडावं लागत नाही. एका चहावाल्यानं सांगितलं, गोकुळअप्पा रिटायर झाले, मग वारले, पण बाई आहेत, लिंगाळी रोडला नातीपाशी.

दार उघडलं ते नातीनं, प्रांजलनं. कॉलेजातली पोर. कानात इअरफोन. तिच्यामागून एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई भिंतीला धरत आली.

बयाबाईनं पदर सावरला. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिनं गायला सुरुवात केली.

"निज रं निज माझ्या वाटसरा..."

म्हातारी जागच्या जागी थांबली. तिनं डोळ्यांवर हात धरला, जणू ऊन लागत होतं. मग तिनं पुढची ओळ घेतली, एकही शब्द न चुकता. आणि पाठोपाठ, इअरफोन काढून, प्रांजलनंही.

"दौंडाचं इंजिन दम खातंय..."

तिघींनी मिळून गाणं पुरं केलं. शेवटच्या ओळीसकट. धनश्री जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. कोर्टात तिनं खूप साक्षी ऐकल्या होत्या, पण अशी एकही नाही.

"बयाबाई!" सिंधूबाई म्हणाली. "आगं, पोरगं जगलं का?"

"जगलं? जहाजावर हाय! गोऱ्या लोकांना वाढतंय!"

मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, आणि लगेच कुणाचे गुडघे जास्त दुखतात यावरून वाद घालायला लागल्या. प्रांजल चहा टाकायला गेली. परत आली ती विचारतच.

"आजी, म्हणजे ही 'बया' खरी बाई आहे? मला तर वाटायचं बया म्हणजे आई. तू मला लहानपणी हेच म्हणून झोपवायचीस."

"तुझ्या बापालाबी हेच म्हणून झोपवलं," सिंधूबाई म्हणाली. "बया म्हंजी हीच. माझ्या मागच्या दारी बसून केलंय तिनं. आधी तिला इंजिनाची ओळ जुळंना. मी म्हणलं, दम खातंय असं घाल, माझा नवरा आसंच म्हणायचा. तर हिनं घातलं."

"व्हय, ती ओळ हिची हाय," बयाबाई ताबडतोब म्हणाली. "निम्मी. धने, तेबी लिवून घे. पाटीवर हिचंबी नाव पायजे."

धनश्रीनं कपाळावर हात मारून घेतला. एका अज्ञात कर्त्याच्या जागी आता दोन बायका उभ्या होत्या. पण सिंधूबाईचं रीतसर प्रतिज्ञापत्र दौंडातच झालं, आणि त्यात इंजिनाच्या ओळीची हकिगत आली तेव्हा बापूसाहेब खूश होऊन म्हणाले, "याहून पक्का पुरावा कुठला? रचणारीला कुठं अडलं होतं हे सांगणारं माणूस मिळालंय."

या वेळचं ईमेल धनश्रीनं दोनदा नव्हे, चारदा लिहिलं. गाणं कुणी, कुठं, कसं रचलं. 'बया' कोण. आणि समुद्राबद्दल: आम्ही तुमच्या जहाजावर भारताचा कायदा लागू करा असं म्हणतच नाही. तुमच्या झेंड्याचा करा. बर्नचा करार तुम्हालाही बांधून आहे. शिवाय तुमचं जहाज ज्या बंदराला लागेल त्या बंदराचा कायदा वेगळा, आणि तुमची बंदरं मी मोजलेली आहेत.

ते पाठवलं आणि दुसऱ्याच आठवड्यात स्वराज सुट्टीवर निघाला. विमान अजून अरबी समुद्रावर होतं तेव्हाच वायफायवरून त्याचा निरोप आला. "वयनी, विमानातबी तेच! उतरायच्या आधी लावलंय! आता आकाशात काय करायचं?"

धनश्री तेव्हा कोर्टाच्या आवारात होती. ती इतकी मोठ्यानं हसली, की उसाच्या रस्त्याच्या भांडणातले दोन्ही पक्षकार वळून बघायला लागले. तिनं उत्तर टाकलं, "शेपटीजवळची अक्षरं बघून या."

पुरवठादार कंपनी एकच होती, त्यामुळं ते विमानाचं प्रकरणही त्याच पत्रात जोडता आलं. आणि तिथंच गाडं हललं. जहाजवाल्यांना आणि विमानवाल्यांना, दोघांनाही आपल्या नावाची काळजी होती, आणि दोघांनी मिळून पुरवठादाराला धरलं. महिनाभरात उत्तर आलं. पारंपरिक हा शब्द काढत आहोत. शेवटची ओळ परत जोडत आहोत. रीतसर परवानगी मागत आहोत, मानधनासह. पाटीवरचा मजकूर असा चालेल का, तेवढं कळवावं: रचना आणि गायन, बयाबाई, न्हावरे. इंजिनाची ओळ सिंधूबाईंसोबत, दौंड.

बयाबाईनं ते वाचून घेतलं आणि म्हणाली, "चालंल म्हणावं."

त्या हिवाळ्यात ते जहाज मुंबईला लागलं. सुट्टी संपवून स्वराज परत त्याच जहाजावर गेलेला. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना एक दिवस जहाज बघायला बोलावलं होतं, आणि करमणुकीच्या मॅनेजरनं स्वराजकरवी खास निरोप धाडला होता की गाणारी बाई येणार असेल तर आम्हाला तिला ऐकायचंय. बयाबाई हिरवं इरकल नेसून, सिंधूबाईला आणि धनश्रीला बरोबर घेऊन निघाली. हनुमंत गाईंमुळं अडकला. आबा म्हणाले, मला हितनंच ऐकू येतंय.

वरच्या डेकवर आल्यावर बयाबाई थेट कठड्यापाशी गेली आणि वाकून बघायला लागली. समुद्र तिनं पहिल्यांदाच पाहिला होता.

"येवढं पाणी," ती म्हणाली, "आन् एकबी बांध न्हाई!"

"वयनी," स्वराजनं पांढऱ्या गणवेशात ताठ उभं राहून विचारलं, "आत्ता हितं कुणाचा कायदा?"

"धक्क्याला लागलंय ना जहाज. म्हंजी आपलाबी चालतो." धनश्री हसली. "आज आत्यांना दोन-दोन देश सांभाळत्यात."

मॅनेजर उंच, सोनेरी केसांचा माणूस होता. माइक घेऊन त्यानं मोठ्या उत्साहात नाव पुकारलं, आणि त्याच्या तोंडून ते निघालं, "बाय-बाय-बाई!" समोरच्या खुर्च्यांतल्या कित्येकांनी निरोपाचा हात हलवला. बयाबाईनंही हलवला. मग तिला काय झालं ते कळलं. तिनं माइक त्याच्या हातातनं घेतला.

"बया," ती त्याला म्हणाली. "म्हण. ब-या."

"बाया."

"बाया न्हाई रं. त्या लई असत्यात. बया. येक."

तिसऱ्या खेपेला त्याला जमलं, तेव्हा डेकवर टाळ्या पडल्या. मग ती गायली. कुठलंही वाद्य नाही, नुसता तिचा उघडा, उन्हातान्हातला आवाज. कोपऱ्यात उभा असलेला स्वराज हातातल्या ट्रेसकट भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. सिंधूबाई इंजिनाच्या ओळीला अशी ताठ बसली, की तिच्या शेजारची परदेशी बाई तिच्याकडं बघून हसली.

शेवटची ओळ आली तेव्हा बयाबाईनं धनश्रीचा दंड धरून तिला पुढं ओढलं.

"आत्या, मला न्हाई येत!"

"येतंय. ह्या गाण्यासाठी भांडलीस, आता म्हण."

माइक पुढं होता, पळायला जागा नव्हती. धनश्रीनं डोळे घट्ट मिटले आणि सासूच्या आवाजाला आवाज लावला.

"बया म्हणं, बाळ पाठीवर..."

तिचा सूर कुठल्याही देशाच्या कायद्यात बसला नसता. तरी लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजवत राहिले, आणि धनश्रीचे कान लाल झाले.

बयाबाईनं माइक मॅनेजरच्या हातात परत दिला, सुनेच्या पाठीवरून हात फिरवला आणि तिच्या कानाशी लागून म्हणाली, "जाऊ दे, पोरी. तू वकिलीच कर."